उद्दिष्टाला धनी हवा

उमरठला माणसे येतात ती तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीसाठी. समाधीपुढे माथा टेकतात, शेलारमामांचे नाव घेतात आणि पोलादपूरच्या वाटेला लागतात. पण मान वर करून भोवताली पाहिले तर इथे आणखीही काही दिसते. महाबळेश्वरच्या बाजूने कोकणात उतरणाऱ्या डोंगरसोंडा, त्यांच्या उतारांवर नाचणी-वरीच्या वरकस जमिनी, खाली भातखाचरे, मधल्या सपाटीवर विसावलेल्या वाड्या. या सगळ्यांचे पाणी शेवटी सावित्रीत येते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला मिळते. गेल्या सत्तर वर्षांत देशाच्या पर्यावरण धोरणाने जी उद्दिष्टे लिहिली, ती जवळजवळ सगळी या एका खोऱ्याला लागू होतात. डोंगरी मुलखात दोन तृतीयांश जमीन वनाखाली हवी, नद्यांचे पाणी निदान अंघोळीजोगे हवे, पश्चिम घाटाचा नाजूक पट्टा राखला जावा, कर्ब शोषून घेणारे जंगल वाढावे, दरडींखाली माणसे गाडली जाऊ नयेत, नाहीशी होत चाललेली गिधाडे टिकावीत. यातले एकही उद्दिष्ट उमरठच्या परिसराला परके नाही.

राष्ट्रीय उद्दिष्टे कशी ठरवावीत या विषयाची ओळख म्हणूनच दिल्लीतून करून देण्याऐवजी इथून करून द्यावीशी वाटते. उद्दिष्ट चांगले की वाईट हे ते लिहिले जाते तिथे कळत नाही, ते जिथे उतरते तिथे कळते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: आपली अनेक पर्यावरणीय उद्दिष्टे हेतू खोटा होता म्हणून फसलेली नाहीत. त्यांना ठिकाण नव्हते, साल नव्हते, आणि चुकली तर जाब कुणाला विचारायचा हे ठरलेले नव्हते, म्हणून ती फसली. ती बेवारस होती.

सर्वांत जुने उदाहरण जंगलाचे. १९५२च्या राष्ट्रीय वननीतीने देशाची एक तृतीयांश जमीन वनाखाली असावी असे सांगितले. १९८८च्या वननीतीने तोच आकडा कायम ठेवला आणि डोंगराळ भागासाठी दोन तृतीयांश असा आग्रह धरला. दोन्हींत साल नव्हते. साल आले ते दहाव्या पंचवार्षिक योजनेत आणि २००६च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरणात. वन आणि वृक्ष मिळून असलेले आच्छादन २००३च्या २३.६९ टक्क्यांवरून २०१२पर्यंत ३३ टक्क्यांवर न्यायचे, असे त्यात लिहिले गेले. म्हणजे नऊ वर्षांत नऊ टक्क्यांहून अधिक वाढ, तीही माणसांनी आणि शेतीने भरलेल्या देशात. २०१२ आले आणि गेले. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३च्या अहवालात हा आकडा २५.१७ टक्के आहे. वीस वर्षांत दीड टक्का. ३३ टक्के गाठता आले नाहीत याचे मला फारसे नवल वाटत नाही. नवल याचे वाटते की २०१२ हे साल चुकल्यावर कोणत्या खात्याने, कोणत्या राज्याने, कोणत्या कारणाने ते चुकवले याचा लोकांपुढे नीट हिशेब झाला नाही. आकडा तसाच पुढच्या कागदावर गेला, फक्त त्याच्या शेजारचे साल गळून पडले.

हा आकडा मोजतो काय, हेही पाहायला हवे. वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर झाडांच्या छत्राची घनता दहा टक्के वा अधिक असेल तर ती जमीन ‘वनाच्छादित’ धरली जाते. जमीन कुणाची आहे, तिचा वापर काय आहे, झाडे कोणती आहेत, याचा विचार त्यात नसतो. उपग्रहाला तेवढेच दिसते आणि देशभर एकसारखी मोजणी करायची तर अशी काही व्याख्या लागतेच. पण महाड-पोलादपूरच्या डोंगरावर या व्याख्येखाली काय काय मावते ते पाहा. जुनी देवराई मावते, काजू-आंब्याची बाग मावते, आणि ठेकेदाराने दहा-बारा वर्षांपूर्वी जळाऊ लाकडासाठी तोडलेले, आता बुंध्यांतून पुन्हा फुटलेले मालकीचे रानही मावते. कोकणात सरकारी जंगल कमी आणि मालकीचे रान पुष्कळ. ते तुटते, फुटते, पुन्हा तुटते. वरून पाहणाऱ्याला हिरवे ते हिरवेच. शिमग्याच्या आगेमागे उतारांवरून जो वणवा फिरतो, त्याने गवत जळते, गवतातली रोपे जळतात, जमिनीवरचा पाचोळा जळतो. उंच झाडांचे शेंडे मात्र बरेचदा शाबूत राहतात. टक्केवारी हलत नाही. पावसाळ्यात त्या उघड्या पडलेल्या मातीचे काय होते ते खालच्या खाचरांना ठाऊक असते.

उद्दिष्टाचा आकडा आणि आपल्याला खरोखर हवी असलेली गोष्ट यांच्यात अंतर पडले की माणसे आकड्याकडे धावतात. यात कुणाचा खोटेपणाच असावा लागतो असे नाही. महाराष्ट्राने २०१६मध्ये दोन कोटी, २०१७मध्ये चार कोटी, २०१८मध्ये तेरा कोटी आणि २०१९मध्ये तेहेतीस कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला. शाळा, ग्रामपंचायती, सरकारी खाती, सगळे कामाला लागले. दरवर्षी संकल्पापेक्षा जास्त रोपे लागल्याचे जाहीर झाले. लोकांचा उत्साह खरा होता, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण मोजले गेले ते लावलेले रोप. तीन उन्हाळे आणि तीन वणवे पार करून उभे राहिलेले झाड हे उद्दिष्ट असते, तर पैसा वेगळीकडे गेला असता. खड्ड्यांपेक्षा जाळरेषांवर, रोपवाटिकांपेक्षा राखणदारांच्या मजुरीवर, आणि पुष्कळ ठिकाणी तर काहीही न लावता केवळ चराई आणि आग थोपवून रान आपोआप वर येऊ देण्यावर. सह्याद्रीच्या पावसात दहा वर्षे आग न लागलेल्या उतारावर जे उगवते ते कोणत्याही रोपवाटिकेत मिळत नाही. ज्याने उद्दिष्टाचे वाक्य लिहिले त्याने नकळत खर्चाचे अंदाजपत्रकही लिहिलेले असते, हे धोरण लिहिणाऱ्यांनी पुरते ओळखलेले नाही.

असेच हवेच्या बाबतीत झाले. जानेवारी २०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात एकशे तीसच्या आसपास शहरे घेतली गेली. मोजमाप मुख्यतः हवेतल्या दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे, म्हणून पैशांतला मोठा वाटा गेला रस्त्यांच्या धुळीवर. फुप्फुसांत खोल उतरणारे बारीक कण जिथून निघतात ती जळणे मागे राहिली. आणि वाडीवरच्या घरात ओल्या लाकडाच्या धुरात भाकऱ्या थापणारी बाई तर या मोजणीत कुठेच नाही. कार्यक्रम शहरांचा आहे.

कागदावरचे उद्दिष्ट आणि प्रत्यक्षातला हक्क यांच्यात किती अंतर असू शकते, हे महाडने देशाला शिकवलेले आहे. तो धडा पर्यावरणाच्या चर्चेत फारसा कुणी आणत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. ऑगस्ट १९२३मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला आणि तो संमत झाला: सार्वजनिक पैशांतून बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुल्या असाव्यात. जानेवारी १९२४मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. धोरण होते, स्थानिक ठराव होता. पाणी मात्र कुणाला पिता आले नाही. १९२६मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला की जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड हे अमलात आणणार नाही, तिचे सरकारी अनुदान थांबवावे. पहिला ठराव काय हवे ते सांगत होता, दुसरा न केल्यास काय होईल ते सांगत होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तळ्यावर चालत जाऊन स्वतः पाणी प्यावे लागले. त्यासाठी लोकांनी मार खाल्ला. नगरपालिकेने पुढे आपलाच ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे. लढा माणसाच्या प्रतिष्ठेचा होता, पाणी हे निमित्त होते, हे बाबासाहेबांनी स्वतः स्पष्ट केले होते. तो मोठा अर्थ जरासुद्धा कमी न करता मला एवढेच म्हणायचे आहे: धोरणाचा लाभ ज्यांना मिळायचा आहे ती माणसे मोजणीच्या जागी उभी राहिल्याशिवाय उद्दिष्ट पुरे झाले की नाही हे कळत नाही. नगरपालिकेच्या दप्तरात तळे १९२४मध्येच खुले झाले होते.

आता त्याच गावाशेजारून वाहणाऱ्या नदीकडे यावे. १९७४च्या जल कायद्याने नद्या निर्मळ ठेवण्याची जबाबदारी केंद्र आणि राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांवर टाकली. केंद्रीय मंडळ नद्यांच्या प्रदूषित पट्ट्यांची यादी काढते. २०१८च्या यादीत देशभरात ३५१ पट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. नदीचा पट्टा यादीत जाण्याची कसोटी एकच: पाण्याची जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी, लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या वर आहे का. सांडपाणी, मळी, कुजणारा कचरा यांचे प्रदूषण हा आकडा चोख पकडतो, आणि ज्या नद्यांत शहरांची गटारे येतात तिथे तो योग्यच आहे. पण महाडच्या औद्योगिक वसाहतीत प्रामुख्याने रासायनिक कारखाने आहेत. रासायनिक सांडपाण्यातले क्षार, द्रावके, सहज न कुजणारी संयुगे यांची दखल बीओडी पुरेशी घेत नाही. उलट पाणी फार विषारी असेल तर ते कुजवणारे जीवाणूच मरतात आणि आकडा कमी दिसू शकतो. म्हणजे नदीचे नाव यादीतून वगळले जाईल आणि खाडीत जाळे टाकणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सावित्रीसाठी उद्दिष्ट लिहायचे तर ते भोई आणि कोळी ज्या माशांची नावे घेतात त्या माशांपासून लिहायला हवे: कोणती जात कोणत्या महिन्यात कुठवर चढत असे, ती पुन्हा तिथे सापडते का. सोबत रासायनिक प्राणवायू मागणी म्हणजे सीओडी, क्षार, जड धातू यांची मोजणी हवीच. पण पहिली ओळ माशाची असावी. एक आकडा साऱ्या देशाला लावण्याचा मोह समजण्यासारखा आहे. बेरीज करता येते, तक्ता भरता येतो. नदी मात्र तक्त्यासाठी वाहत नाही.

उद्दिष्टे साधतच नाहीत असा समज या लिहिण्यातून होऊ नये. याच महाड तालुक्यात त्याच्या उलट सांगणारे उदाहरण आहे. १९९०च्या दशकात भारतातली गिधाडे डोळ्यांदेखत नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या २००७पर्यंत नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. जगातल्या कुठल्याही पक्ष्याची इतकी झपाट्याने घसरण क्वचितच नोंदली गेली असेल. कारण सापडले २००४मध्ये: गुरांना सूज आणि वेदनांवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध. औषध दिलेले जनावर लवकरच मेले आणि ते गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होत. पर्यायी औषध मेलोक्सिकॅम गिधाडांना निर्धोक असल्याचे तपासले गेले आणि २००६मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जात आहेत हे लक्षात आल्यावर २०१५मध्ये कुपीची मर्यादा तीन मिलिलिटर ठरली. पुढे २०२३मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. उद्दिष्ट अगदी अरुंद होते. ‘जैवविविधतेचे संवर्धन’ असे काही त्यात नव्हते. एक औषध, एक तारीख, परवाना देणारे एक खाते, आणि पळवाट दिसली की ती बुजवणे.

पण बंदीने फक्त मरण थांबते. गिधाडे वाढायची तर खायला हवे, घरट्याला झाड हवे. महाडच्या सिस्केप संस्थेने म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला आणि महाड तालुक्यातल्या नाणेमाचीच्या परिसरात नेमके हे काम हाती घेतले. घरट्यांची मोजणी, घरटी असलेल्या झाडांचे रक्षण, मेलेली गुरे गिधाडांपर्यंत पोचतील अशी व्यवस्था, आणि या सगळ्यात गावकऱ्यांना सामील करून घेणे. गुरांची संख्या घटली तसे गिधाडांचे अन्नही घटले होते, ही गोष्ट दिल्लीतल्या आदेशाला दिसणे शक्य नव्हते. ती चिरगावात दिसत होती. औषधाची बंदी गावाला घालता आली नसती आणि झाडाची राखण दिल्लीला करता आली नसती. देशातली गिधाडे पूर्वीइतकी झाली, असे कुणी म्हणू शकत नाही. पण घसरण मंदावली आणि या डोंगरांवर घरटी टिकली. जगाच्या पातळीवर हाच गुण १९८७च्या मॉन्ट्रियल करारात दिसतो: ओझोनचा थर विरळ करणाऱ्या पदार्थांची नावानिशी यादी, प्रत्येकापुढे साल, गरीब देशांसाठी वेगळी मुदत आणि त्यांच्यासाठी निधी. जगातला बहुधा सर्वांत यशस्वी पर्यावरण करार, आणि त्याची भाषा किराणा दुकानातल्या वहीइतकी रुक्ष आहे.

पश्चिम घाटाचे प्रकरण या सगळ्यांहून गुंतागुंतीचे आहे, आणि उमरठच्या लोकांना सर्वांत जवळचे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११मध्ये अहवाल दिला. संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर करावेत आणि कुठे काय चालेल याचा विचार ग्रामसभांपासून वर यावा, असा तिचा आग्रह होता. राज्यांना तो मानवला नाही. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने २०१३मध्ये उपग्रहाच्या नकाशांवरून सुमारे ३७ टक्के घाट संवेदनशील ठरवला. त्यावर केंद्राने मार्च २०१४मध्ये अधिसूचनेचा मसुदा काढला. मग २०१५, २०१७, २०१८, २०२२. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ रोजी दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली, आणि दुसऱ्याच दिवशी सहावा मसुदा निघाला. दहा वर्षांत सहा मसुदे. सहा राज्ये, सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यांतले १७,३४० महाराष्ट्राचे. महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यातली गावेही यात येतात.

या मसुद्यांबद्दल गावागावांत भीती आहे. घर बांधता येणार नाही, रस्ता होणार नाही, झाडाची फांदी तोडली तरी गुन्हा दाखल होईल, असे लोक बोलतात. मसुद्यातल्या बंद्या मुख्यतः खाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज, अतिप्रदूषक उद्योग आणि अवाढव्य बांधकामे यांच्याविषयी आहेत; नाचणीच्या शेताविषयी नाहीत. तरी लोकांच्या भीतीला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. नकाशावर गावाभोवती रेघ ओढली, हरकतींसाठी मुदत दिली, पण दहा-पंधरा वर्षांनी या गावात काय असेल हे कुणी सांगितले नाही. ओढा उन्हाळ्यात कुठवर वाहील, वरच्या उतारावर कोणती झाडे असतील, वाडीतल्या पोराला मुंबई-सुरतला न जाता कोणते काम मिळेल, यातले काही मसुद्यात नाही. संवेदनशील क्षेत्र ही सीमा आहे, उद्दिष्ट नव्हे. काय करायचे नाही याची ती यादी आहे. काय साधायचे याची नाही. गाडगीळ समितीच्या अहवालात ग्रामसभेला जे स्थान होते ते याच कारणाने मोलाचे होते. ते गाळले गेले तेव्हा उद्दिष्टाचा स्थानिक धनीच गाळला गेला, असे माझे ठाम मत आहे.

आणि या खोऱ्यात हा वाद पोटतिडकीने करण्याचे कारण आहे. जुलै २००५मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण या गावांवर दरडी कोसळल्या आणि जवळपास दोनशे माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर डोंगर आला; ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही माणसे दरडीखाली सापडली, महाड शहर पाण्यात गेले. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस झाला होता. दोन घटनांमध्ये सोळा वर्षे गेली. या सोळा वर्षांत आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, प्राधिकरणे झाली, आराखडे झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४पासून देशाच्या डोंगरी भागाचे दरडप्रवणतेचे नकाशे तयार केले, तेही मोलाचे काम आहे. पण त्या नकाशाचे प्रमाण एकास पन्नास हजार. दोनशे मीटर लांबीची वाडी त्यावर चार मिलिमीटर भरते. कोणता तालुका धोक्यात आहे हे त्यावरून कळते; कोणत्या घराने कोणत्या रात्री कुठे जायचे, हे कळत नाही. पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावी असतो आणि दरड सुटते ती त्याच्या कितीतरी वर, जिथला पाऊस निराळाच असतो.

महापुराचेही तसेच. २०२१नंतर सावित्रीतला गाळ काढण्याचे काम निघाले आणि महाडकरांनी ते लावून धरले, ते योग्यच होते. गाळ घनमीटरांत मोजला जातो, कारण ठेकेदाराचे बिल घनमीटरांवर निघते. महाडच्या व्यापाऱ्याला हवा असलेला आकडा दुसराच आहे: अमुक इतका पाऊस आणि भरतीची वेळ जुळून आली, तर बाजारपेठेत पाणी किती फूट चढेल, आणि पूर्वीपेक्षा ते किती कमी असेल.

उद्दिष्टाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती म्हणजे ते हरण्याजोगे असावे. ऑक्टोबर २०१०मध्ये जपानमध्ये जगातल्या देशांनी जैवविविधतेची वीस उद्दिष्टे मान्य केली, मुदत २०२०. मुदत संपली तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्याच अहवालाने सांगितले की वीसपैकी एकही पूर्णपणे साधले नाही. निराश करणारी बातमी, पण ती सांगता आली, कारण साल लिहिलेले होते. स्वीडनच्या संसदेने १९९९मध्ये पंधरा राष्ट्रीय पर्यावरण उद्दिष्टे ठरवली, २००५मध्ये सोळावे जोडले, आणि तिथली सरकारी यंत्रणाच वेळोवेळी जाहीर करत आली की यांतली बहुतेक गाठली जाणार नाहीत. त्यामुळे सरकार पडले नाही आणि उद्दिष्टेही सोडली गेली नाहीत. उलट कुठे जोर लावायचा ते कळले. आपल्याकडे उद्दिष्ट चुकल्याचे सांगणे म्हणजे नाचक्की, अशी समजूत आहे. म्हणून मग आधारवर्षाचा आधार घेतला जातो. भारताने २०१५मध्ये पॅरिस करारापूर्वी जाहीर केले की २०३०पर्यंत वन आणि वृक्षांद्वारे २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषणारी जास्तीची क्षमता उभी करू. जास्तीची म्हणजे कोणत्या वर्षापेक्षा, ते तेव्हा लिहिले नव्हते. पुढे २००५ हे आधारवर्ष धरले गेले आणि २०२३च्या वन अहवालात २२९ कोटी टनांची भर पडल्याचे दाखवले गेले. म्हणजे उद्दिष्ट जाहीर होण्याआधीच्या दहा वर्षांतली वाढही त्यातच आली. हिशेब चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. पण दोन हजार पाचपासून मोजा म्हटले की निम्मी वाट आधीच चाललेली असते, आणि मग पुढच्या वाटेसाठी कुणी कंबर कसत नाही.

पुढच्या पानांत या विषयाच्या कायदेशीर, आर्थिक आणि शास्त्रीय बाजूंचा विचार येईल. वाचकाने तो वाचताना प्रत्येक राष्ट्रीय उद्दिष्ट एकदा तरी पोलादपूरच्या एखाद्या वाडीत आणून पाहावे, एवढीच विनंती आहे. दरडींपुरते बोलायचे तर ते असे दिसेल. तालुक्यातल्या प्रत्येक वाडीच्या वरचा उतार भूवैज्ञानिकाने पायी चालून, मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर तपासलेला असावा. डोंगरमाथ्यांवर पर्जन्यमापक असावेत आणि किती तासांत किती पाऊस झाला की वाडी रिकामी करायची, हा आकडा वाडीनिहाय ठरलेला असावा. रात्री माणसांना कुठे न्यायचे ती इमारत, तिची किल्ली कुणाकडे, गुरांचे काय, हे लिहिलेले असावे. ज्या घरांना हलवण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांना जमीन कोणत्या गटात आणि कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, ती तारीख घरापुढे असावी. यादीखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकाऱ्यांची सही असावी, आणि पाऊस सुरू होण्याच्या महिनाभर आधी येणाऱ्या १ मेच्या ग्रामसभेत ती मोठ्याने वाचली जावी. ज्या वाडीची तारीख चुकली असेल तिचे नाव यादीतून काढू नये; चुकल्याचे कारण आणि नवी तारीख त्याच ओळीत लिहावी.